हिर्डोशीचा गेणू

भोरच्या आमच्या दूधसंघात चहाची किटली लावायला मी एक प्लग काढला. तो सर्व्हरचा निघाला. पाणी उकळायच्या आत भाटघर, पानशेत, हिर्डोशी, सगळीकडचे दुधाचे काटे बंद पडले आणि माणसं भरल्या कॅना घेऊन माझ्या नावानं बोटं मोडत उभी राहिली. अशा वेळी केंद्राकेंद्रावर फोन करून "बंद करून चालू करा" म्हणायचं, एवढंच माझं संगणकज्ञान.

मग संघानं रत्नाला बोलावलं. हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावरची पोर. शिक्षण पुण्यात, जीभ वाड्यावरचीच. तिनं गावोगावच्या यंत्रावर एकेक एजंट बसवला. एजंट म्हटल्यावर मी आधी विमा काढलाय म्हणून सांगून टाकलं.

"काका, ह्यो राखण्या हाय. भोरचा सर्व्हर हाक मारणार, ह्यो ओ देणार. काट्याचा प्रोग्रॅम पडला, तर ह्योच उठवून उभा करणार. तीन हाकांना ओ न्हाई आली, तर आपुन बघाया जायचं."

"हे कुठल्या कॉलेजात शिकवतात गं?"

"कालिजात कुठलं! धुक्यात मेंढरं वळवताना आमी असंच करतो."

राखण्यांना तिनं माणसांची नावं दिली. भाटघरचा मानसिंग, पानशेतचा ज्ञानू, हिर्डोशीचा गेणू. मानसिंग हे आमच्या चेअरमनसाहेबांचं नाव. तोच वरचेवर पडायचा आणि रत्नाच त्याला उठवायची. त्यात तिला फार समाधान. गेणू कोण, ते झाडलोट करणाऱ्या धोंडाबाईंनी सांगितलं. रत्नाचा बाप. वरंधा घाटाच्या अंगाला मेंढरं घेऊन गेला होता. धुकं उतरलं, रत्नानं हाका मारल्या. मेंढरं आली, कुत्रं आलं, ओ आली नाही. पुढं घोंगडी सापडली. माणूस नाही.

यंदा हिर्डोशीच्या केंद्राची भिंत खचली. केंद्र बंद, दाराला कुलूप, आत यंत्र आणि छपरावर सौर पॅनल तेवढं राहिलं. दूध नाही, चिटपाखरू नाही. तरी भोरच्या ऑफिसातल्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतच राहिली : गेणू, ओ. दुपारी ऑफिसात एकटा असलो की मी पडद्याकडं पाठ करून बसू लागलो. किटलीची हौसही फिटली.

अखेर साहेबांचा हुकूम आला : बंद केंद्राचं नाव काढून टाका. रत्ना खुर्चीत बसली. कीबोर्डवर बोटं ठेवली, आणि नेमकी तेव्हाच अक्षरं लाल झाली.

गेणू, ओ नाही.

तिची बोटं हलेनात. दुसरी हाक गेली. ओ नाही. धोंडाबाईंचा झाडू थांबला. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून पुटपुटलो, "अरे, दे की ओ, बाबा..."

तिसरी हाक.

गेणू, ओ.

रत्नानं डोळ्याला पदर... छे, ओढणी लावली. मी घसा खाकरला. "रत्ना, तिथं कुणी नाहीये गं. काढूया ना आता नाव?"

"पयलं मानूस सापडू द्या, मंग काढा."