गल्लीतला ताणा

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत ट्रॅफिक जाम झाला... बेळगावातलं वडगाव, विणकरांची जुनी गल्ली. समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागं जावं लागतं, त्यामुळं इथं जाम व्हायला फार काही लागत नाही. पण सोमवारचं कारण वेगळं होतं.

आधी आप्पांचं सांगते. आप्पा म्हणजे माझे सासरे, सगळा जन्म मागावर गेलेला माणूस. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात बऱ्यापैकी सुधारला, पाय मात्र अजून ओढत टाकतात. डॉक्टरांनी बजावलंय, रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल आणि मग कायमचं अंथरूण.

आता चालायचं कुठं?... छान बाग झालीय, वॉकिंग ट्रॅक आहे, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत. पण ती मोठ्या रस्त्यापलीकडं. म्हणजे चालायला जायचं तर आधी रिक्षा करायची.

राहिली गल्ली. ती दोन वर्षांपूर्वी काँक्रीटची झाली. मागणी आमचीच, नारळ आम्हीच फोडला, पेढेही आम्हीच वाटले... रस्ता गुळगुळीत झाला आणि पलीकडच्या नगरातल्या सगळ्यांना शॉर्टकट सापडला. सकाळी कॉलेजची पोरं, दूधवाले, स्कूल व्हॅन, सगळे सुसाट.

एक दिवस एका बाईकच्या हँडलमध्ये अडकून आप्पांच्या शर्टाची बाही फाटली. पडले नाहीत, नशीब. पण तेव्हापासून त्यांनी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नाही. काही म्हटलं की "नगं गं बाई" एवढंच.

मी गप्प बसणारी नाही. स्पीडब्रेकरसाठी अर्ज केला, 'वाहने सावकाश चालवा' असा बोर्डही स्वतः रंगवून लावला. त्या बोर्डाला आता कुणीतरी रोज दुधाची पिशवी अडकवतं... आणि घरात आप्पांचा पाय आठवड्या-आठवड्यानं जड होत चाललेला दिसत होता. रात्री नवऱ्याशी बोलताना आम्ही दोघंही तो विषय टाळायचो.

तर सोमवार. मी ऑफिसला जायला स्कूटी काढली आणि बघते तर दारासमोरून, गल्लीच्या या टोकापासून देवळापर्यंत, पांढऱ्या सुताचा ताणा पसरलेला. काम शेजारच्या गंगाक्कांचं. गल्लीत सगळीकडं पॉवरलूम आले, हातमाग तेवढा यांचाच उरलाय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. साडीचे उभे धागे म्हणजे ताणा. हातमागावर चढवायच्या आधी तो सकाळच्या उन्हात लांबलचक ताणून धरायचा, कुंच्यानं खळ लावायची आणि खळ सुकायच्या आत तुटलेले धागे सांधायचे. गंगाक्का हे देवळामागच्या मोकळ्या जागेत करायच्या. तिथं पेव्हर घालून पार्किंग झालं. मग बाईंनी सासूच्या काळी करायचे तसं सरळ गल्लीतच ताणा टेकवायचे लाकडी घोडे मांडले.

माझं डोकं सणकलं, खोटं कशाला बोलू... ऑफिस उद्यमबागेत, बॉस घड्याळाकडं बघणारा. पण ताणा ओलांडायचा नाही, हे आमच्याकडं पोरांना पायावर उभं राहायला लागल्यापासून शिकवतात. गल्लीतले सगळे मुकाट्यानं गाड्या वळवून मागं गेले. माझ्या बोर्डाला कुणी असा मान दिला नव्हता.

बाहेरचा एकजण मात्र हॉर्नवरचा हात काढेना. गंगाक्कांनी मान वर न करताच विचारलं, "हॉर्न मारून सूत लवकर वाळतंय व्हय रं? मागनं जा की." तो गेला.

आणि गल्ली शांत झाली. एवढी शांत, की घराघरातल्या मागांची खडखड तेवढी ऐकू येत होती.

तेवढ्यात आप्पा उंबऱ्यात आले. खळीच्या वासानंच आले असणार. ताण्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "गंगे, मधी तुटलंय बघ."

"दिसतंय मला. चार हात न्हाईत मला," गंगाक्का म्हणाल्या. "या की."

आप्पांनी काठी माझ्या हातात दिली आणि पायरी उतरले. पहिला धागा सांधायला बराच वेळ लागला, डावी बोटं ऐकत नव्हती. पण सांधला. मग पुढचा दिसला, मग त्याच्या पुढचा... ताण्याच्या कडेकडेनं पाय ओढत ते पार देवळापर्यंत गेले आणि दुसऱ्या बाजूनं परत आले. ताण्याचं काम म्हणजे चालणंच असतं, हे मी इतकी वर्षं या घरात राहून कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

मी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात स्कूटी धरून रडत उभी. ऑफिसला फोन केला, उशीर होतोय म्हणून. कारण विचारलं... ट्रॅफिक, म्हटलं.

संध्याकाळी गल्ली कट्ट्यावर जमली. ठरलं ते एवढंच, सकाळी नऊपर्यंत गाड्या देवळामागं लावायच्या आणि दोन्ही टोकांना गंगाक्कांचे घोडे उभे करायचे, ताणा असो वा नसो. ॲम्ब्युलन्स आली तर घोडे हलवायला माणूस आहेच. हे नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही. बाहेरचे लोक घोडे बघून वळतात, तेवढं पुरे आहे.

गंगाक्का, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमचे आभार इथंच मानते.

मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते. आप्पा चप्पल घालून दारात उभे राहिले. म्हणाले, "जरा गंगीचा ताणा बघून येतो."

ताणा आदल्या दुपारीच गुंडाळून मागावर गेला होता. ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

"व्हय आप्पा, या बघून," मी म्हटलं.