नितीनची अट

नितीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या आमच्या ऑफिसचं शटर उघडत होतो. पलीकडून त्याचा मेहुणा बोलत होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी "अरे बापरे" असं काहीतरी म्हणालो असेन... पण मनात पहिला विचार आला तो हा, की दुरुस्तीला काढलेल्या बोटींसाठी तो सॉफ्टवेअरमध्ये करत असलेला बदल त्याच्या लॅपटॉपवरच राहिला. मित्र गेला आणि मला लॅपटॉप आठवला. त्याची लाज अजून जात नाही.

आम्ही दोघं सातपाटीच्या एका मच्छीमार सोसायटीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. डिझेल, बर्फ, सभेची नोटीस, प्रत्येक यादीला आधी ठरवावं लागायचं, की चालू बोट कुठली? अलीकडे समुद्रात गेलेली ती चालू, ही अट आम्ही प्रत्येक यादीत वेगळी लिहून ठेवली होती. पावसाळ्यातल्या बंदीत सगळ्याच बोटी किनाऱ्यावर असतात, ते दिवस मोजायचे नाहीत, हे इतर याद्यांत घातलं आणि डिझेलच्या यादीत राहून गेलं. बंदी उठली त्या दिवशी यादी कोरी आणि पंपावर अख्खा गाव उभा. शिव्या नितीनने खाल्ल्या. मी फोन उचलत नव्हतो.

त्यानंतर त्याने ती अट एकाच जागी आणली. साध्या फंक्शनमध्ये लिहिलेली अट डेटाबेसला कळत नाही. मग सगळ्या नोंदी बाहेर ओढून आपल्याकडे चाळत बसावं लागतं. त्याने ती एक्स्प्रेशन ट्री म्हणून ठेवली, म्हणजे तिचे सगळे भाग सुटे वाचता येतील अशी मांडून. कुठल्याही यादीला जोडली, की डेटाबेसच्या भाषेत तिचं भाषांतर होतं आणि हव्या तेवढ्याच बोटी बाहेर येतात. "आता अट इथंच राहणार. दुसरीकडं दिसली तर खोडून टाकीन, सांगून ठेवतो," तो म्हणाला. मला समजावायला त्याने किती वेळा खुर्ची ओढली... मी मान डोलवायचो आणि म्हणायचो, "तू आहेस ना, मला कशाला?" तोही हसून सोडून द्यायचा.

तेरावं झाल्यावर सफाळ्याला त्याच्या घरी गेलो. सोसायटीचे फोन सुरूच होते. वहिनींनी पाणी दिलं, शेतीचं, मुलीच्या शाळेचं बोलल्या. मी घड्याळाकडे पाहिलेलं त्यांना दिसलं असावं. त्या आत गेल्या आणि लॅपटॉप घेऊन आल्या.

"भाऊ, तुमी ह्याच्यासाठी आलात ना? चार्ज करून ठेवलाय."

"नाही वहिनी, तुम्हाला भेटायलाच आलो."

"मग ठेवू परत आत?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. मी हात पुढे केला.

दुरुस्तीतल्या बोटीही चालू धरायच्या, हा त्याने लिहिलेला बदल जवळजवळ पुरा होता, मला फारसं काही करावं लागलं नाही. अट एकाच जागी होती म्हणून सगळ्या याद्या एका झटक्यात बरोबर आल्या, आणि सोसायटीने माझे आभार मानले. लॅपटॉप माझ्या टेबलावर आहे. कळांच्या फटीत त्याच्या घरच्या भाताचा कोंडा अडकलाय, तो मी काढलेला नाही. काम संपून कितीतरी दिवस झाले. लॅपटॉप परत द्यायला मला सफाळ्याला जायचंय... या वेळी खरंच नुसतं भेटायला, आणि वहिनींनी ते खरं का मानावं, हे मला सांगता येत नाही.