हात हुंगायला लावणारी

तिचं नाव विचारायचं राहिलं, पण तिच्या हातांचा वास मला पाठ आहे.

भुकूमजवळ तिची जुनी व्हॅन कडेला उभी दिसली, म्हणून मी गाडी थांबवली. मागे दुधाचे कॅन, खाली टाकीतून डिझेल ठिबकतंय. पदर खोचून ती टाकीची चीर पुसत होती, आणि धुण्याचा साबण अंगठ्यानं चिरेत दाबत होती. ठिबकणं थांबलं. त्याच साबणानं हात धुऊन तिनं ते थेट माझ्या नाकाशी धरले.

"हुंगा. डिझेल येतंय?"

"थोडं."

"मग न्हाई चालायचं. बावधनला कॅनला हात लावायचाय, दूध लगेच वास धरतं."

तिनं पुन्हा कोपरापर्यंत घासले, पुन्हा हुंगवले. आता नुसता साबण होता.

"बावधनपर्यंत टिकेल का हा साबण?"

"त्याचं त्यो बघंल," ती गाडीत चढत म्हणाली. "मी पोचणार हाय."