एकोणीस इंचांचा दस्ता

लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या गल्लीत श्री. शशिधर गजभिये राहतात. ते माझ्या दिवंगत पतींचे मित्र असल्यामुळे मी त्यांना भाऊजी म्हणते. विमानतळावर सत्तावीस वर्षे लोकांच्या बॅगा उचलून ते निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी सैन्यात जाण्याचे ठरवले. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर होते.

हे सैन्य खरे नव्हे. दोनशे वर्षांपूर्वीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीचे लाल कोट घालून काही लोक रविवारी मैदानात लुटुपुटीची लढाई करतात. प्रेक्षक तिकीट काढून ती पाहतात. भाऊजींच्या पणजोबांचे आजोबा अशाच एका पलटणीत शिपाई होते, असे त्यांच्या घरात सांगत आले आहेत. आपणही त्या रांगेत एकदा उभे राहावे, एवढीच भाऊजींची इच्छा होती. परंतु स्वतःची बंदूक नसेल त्याला रांगेत जागा नाही, असा नियम होता. म्हणून दोन वर्षे भाऊजींना भिश्ती केले. कातडी पखाल खांद्यावर घेऊन ते इतरांना पाणी पाजत. पलटणीच्या सार्जंट श्रीमती ब्रेंडा या बेसिंगस्टोकला दातांच्या दवाखान्यात नोकरी करतात. इतका चांगला भिश्ती पूर्वी कधी मिळाला नव्हता, असे त्या सर्वांना सांगत. त्या हे कौतुकाने म्हणत. भाऊजी त्या दिवशी घरी येऊन जेवत नसत.

अखेर भाऊजींनी पोलिसांकडे परवान्याचा अर्ज केला आणि बंदुकीसाठी भिंतीला पोलादी कपाट ठोकले. परवाना येण्यास दहा महिने लागले. तेवढ्या काळात त्यांच्या पत्नी रूपालीताई यांनी कपाटात वर्षाचा काळा मसाला भरून ठेवला. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने कपाट उघडले व तो सलग चार वेळा शिंकला. तरीही त्याने सही केली.

त्या शरद ऋतूत भाऊजी मला जुन्या काळचा देखावा उभा करणाऱ्या एका जत्रेत घेऊन गेले. तेथे श्री. नेव्हिल नावाचे गृहस्थ हाताने बंदुका घडवतात. भाऊजींचे मन प्रथम एका नक्षीदार रायफलीवर बसले. परंतु त्या नळीला आतून पिळाच्या खाचा, म्हणजे आटे होते, आणि भाऊजींचा परवाना गुळगुळीत नळीचा होता. शिवाय शिपायाला रायफल कोण देणार, असे नेव्हिल म्हणाले. तेव्हा भाऊजींनी नळीच्या तोंडातून दारू ठासण्याची साधी, गुळगुळीत नळीची बंदूक घडवण्यास सांगितले.

नेव्हिल यांनी भरण्यासाठी एक फॉर्म दिला. मी त्या वर्षी प्रौढांच्या वर्गात इंग्रजी वाचन-लेखनाची दुसरी पायरी पूर्ण केली होती, म्हणून तो फॉर्म माझ्याकडे आला. त्यात एक ओळ होती, ‘लेंग्थ ऑफ पुल’. मी शब्दकोश पाहिला. पुल म्हणजे ओढणे. लांबी कशाची, तर ओढलेल्या हाताची, हे उघडच होते. चाळीस वर्षे मी ब्लाउज शिवले आहेत. बाहीचे माप मला कोणी शिकवण्याची गरज नाही. मी भाऊजींचा हात ओढून सरळ केला, खांद्यापासून बोटापर्यंत टेप लावली आणि सुवाच्य अक्षरात ‘साडेसव्वीस इंच’ असे लिहिले.

आठवड्याने नेव्हिल यांचा फोन आला. जत्रेच्या गर्दीत पाहिलेले भाऊजी त्यांना आठवत नव्हते. माप नक्की आहे का, असे त्यांनी दोनदा विचारले. आपण शरीराने फार मोठे आहात का, असेही विचारले. मान मिळतो आहे असे समजून भाऊजींनी होय म्हटले. भाऊजींची उंची पाच फूट तीन इंच आहे.

मे महिन्यात बंदूक घेण्यासाठी आम्ही पुन्हा जत्रेत गेलो. तेथल्याच मैदानात दोन वाजता पलटणीचे संचलन होते आणि बार उडवायचे होते. भाऊजी लाल कोटात होते. नेव्हिल यांनी अक्रोडाच्या लाकडाची ती सुंदर बंदूक पुढे केली आणि मग भाऊजींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. भाऊजींनी दस्ता खांद्याला लावला, हात लांब केला, आणखी लांब केला. बोट चापाला लागले तेव्हा कोपर ताठ झाले होते आणि नळी जमिनीकडे झुकली होती.

तेव्हा खुलासा झाला. पुल म्हणजे चाप ओढणे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर त्यांना हवे होते, आणि ते साधारण तेरा इंच असते. नेव्हिल यांच्याजवळ तेवढी लांब फळी नव्हती, म्हणून ते एकोणीस इंचांवर थांबले होते.

मी म्हणाले, “भाऊजी, माप मी घेतलं. चूक माझी आहे.”

“वहिनी, हात तर माझाच होता ना,” भाऊजी म्हणाले.

बंदूक कापून नीट करण्यास तीन आठवडे लागतील, असे नेव्हिल यांनी सांगितले. तितक्यात ब्रेंडाबाई भरलेली पखाल घेऊन आल्या. त्यांनी ती नेहमीच्या आपुलकीने भाऊजींसमोर धरली. भाऊजींनी पखालीकडे पाहिले, मग बंदुकीकडे.

“कट इट नाऊ,” ते नेव्हिल यांना म्हणाले. दिसायला कशीही चालेल, असेही त्यांनी सांगितले.

सहा महिन्यांच्या कामावर करवत धरताना नेव्हिल यांनी तोंड दुसरीकडे फिरवले. सहा इंच लाकूड खाली पडले. टोकाची पितळी पट्टी त्यांनी नव्या जागी चार स्क्रूंनी बसवली. ती थोडी तिरपी बसली. ब्रेंडाबाईंनी बंदूक आतून-बाहेरून तपासली, पट्टीकडे पाहून भुवया उंचावल्या आणि रांगेतले सहावे स्थान दाखवले. मग पाणी कोण देणार, असे त्यांनी विचारले.

चूक माझी होती. मी नऊवारी सावरली आणि पखाल खांद्यावर घेतली.

पहिला बार झाला. सहाव्या स्थानाचा आवाज इतरांपेक्षा किंचित उशिरा आला, परंतु आला. धूर विरला तेव्हा भाऊजींचे तोंड काळे झाले होते आणि ते सरळ समोर पाहत होते, कारण रांगेत मान वळवण्यास मनाई आहे. मी त्यांच्याजवळ पोहोचले, तेव्हा ते ओठ न हलवता म्हणाले,

“वहिनी, आधी पाचव्याला द्या. तो माझ्या आधीपासून रांगेत आहे.”