आई घोड्यावर बसली तो शनिवार

वडील गेल्यापासून दादानं आईची काळजी घ्यायची म्हणजे तिला काही करूच द्यायचं नाही, असा अर्थ लावून घेतला होता. जिना नको, तळलेलं नको, एकटीनं ऑटोत बसणं तर नक्कोच. आई खुर्चीवरून उठली, की हा आतल्या खोलीतून विचारायचा, काय पाहिजे? आईचं वय अडुसष्ट. गुडघे कुरकुरायचे, पण विद्यानगरातल्या घरापासून विहारापर्यंत ती रोज पायी जाऊन यायची आणि वाटेत मिरची भजी खायची. हे दादाला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी अंबरपेठेत राहते आणि सिकंदराबादला विम्याच्या कचेरीत नोकरी करते. एका शुक्रवारी आईचा कचेरीत फोन आला. आवाज बारीक करून तिनं सांगितलं, की शहराबाहेर दाट झाडीचं एक उद्यान आहे, तिथं घोड्यावर बसवून रानातल्या वाटेनं फिरवून आणतात, शेजारणीनं मोबाइलवर दाखवलंय. मग हुकूम सुटला.

"उद्या तू मला डोळे दाखवायला नेणार आहेस. दादाला तसा फोन कर."

मी केला. दादा म्हणाला, मीच आलो असतो, पण उद्या ऑफिसात फार महत्त्वाचं काम निघालंय. मला तर हायसं वाटलं.

शनिवारी सकाळी आई माझा सैलसा पंजाबी ड्रेस आणि सुनेचे जुने बूट घालून तयार. बूट वहिनीला न विचारता घेतलेले. डोळे दाखवायला बूट कशाला, असं वहिनीनं विचारलंच, तर आई म्हणाली, दवाखान्यातली फरशी फार गार असते.

उद्यानाच्या दाराशी तबेल्यावरच्या चाचांनी आईला वय विचारलं. आईनं न अडखळता अठ्ठावन्न सांगितलं. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी झाडावरचा मोर बघत होते. तिथं मोर नव्हता. हेल्मेट अंबाड्यामुळे बसेना, तेव्हा आईनं तिथंच आकडे काढले, वेणी घातली आणि वेणीसकट शाळेतल्या मुलीसारखी दिसायला लागली. लाकडी चौथऱ्यावरून तिला एका तपकिरी घोडीवर चढवलं. "अम्मा, डरना नक्को," चाचा म्हणाले. आई घाबरली नव्हतीच. लगाम चाचांच्या हातात, मागे मी. माझा घोडा दर चार पावलांना थांबून फांदीवरचा पाला ओढायचा.

वाट छान होती. कडुलिंब, सीताफळाची झुडपं, मधेच एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे. आई ताठ बसलेली. एका वळणावर समोरून शिकाऊ लोकांची रांग आली. सगळ्यात शेवटी एक गृहस्थ होते, पोटाला घट्ट बसणारी विजार, नवेकोरे उंच बूट, आणि दोन्ही हातांनी घोड्याची आयाळ धरलेली. घोडा जवळ आला तसा हेल्मेटखालचा चेहरा दिसला. दादा होता.

त्यानं आम्हाला पाहिलं. आम्ही त्याला पाहिलं. चाचांनी वाट सोडायला घोडी बाजूला घेतली, पण दादाचा घोडा आमच्या घोडीला बघून जागीच उभा राहिला आणि तिच्या मानेवर तोंड घासायला लागला. आईच पहिली बोलली.

"डॉक्टर चांगला आहे गं. मला इथनं तुझ्या दादाचं ऑफिस दिसायला लागलं."

दादा म्हणाला, आई, आधी खाली उतर. आईनं त्यालाच उतरायला सांगितलं. तेव्हा कळलं, की कुणी न धरता एकट्यानं उतरायचं कसं, हा धडा त्याचा अजून झालेला नाही. त्याचे सोबती पुढं निघून गेले. त्याचा घोडा मात्र आमच्या घोडीची पाठ सोडेना, मग उरलेली सगळी वाट दादा आमच्या मागोमाग आला. मागून सूचना चालू होत्या: आई, वाकू नको. आई, रिकिबीतून पाय काढू नको. एकदा सूचना देताना त्याचं वर लक्ष राहिलं नाही आणि एक फांदी त्याच्या हेल्मेटवर आपटली. मग तो गप्प झाला. मी पुढं तोंड करून इतकी हसले, की खोगिरावरून घसरता घसरता राहिले.

दुपारी चिंचेखाली बसून आम्ही ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दादानं हळूहळू सांगितलं. महिनाभर तो दर शनिवारी येत होता. वहिनी हसेल म्हणून तिला बोलला नव्हता. ऑफिसातली तरुण पोरं डोंगर चढतात, पाण्यात उड्या मारतात, आणि यानं जन्मात नियमाबाहेरचं काही केलं नव्हतं.

"आणि तुला काय सुचलं हे?" त्यानं आईला विचारलं.

आईनं बोटं चाटून पुसली. नांदेडकडच्या तिच्या गावात एकच घोडा होता, पाटलांचा. रोज सकाळी त्याला गवत टाकायला ती तिच्या वडिलांबरोबर जायची. एकदा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर ओसरीवरून कुणीतरी ओरडलं आणि वडिलांनी तिचा हात ओढून घेतला. आपल्या वस्तीतला नवरदेवसुद्धा तेव्हा घोड्यावर बसायचा नाही. पाठ उबदार होती, एवढंच आठवतं, म्हणाली.

दादानं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग उठला, चाचांशी काहीतरी बोलला, आणि तीच तपकिरी घोडी घेऊन आला. आईला चढवताना स्वतः हात दिला, लगाम स्वतः धरला, आणि आपल्या त्या नव्याकोऱ्या बुटांनी धूळ तुडवत घोडीच्या बाजूनं चालायला लागला. चाचा दोन पावलं मागं.

मोकळ्या जागेत आल्यावर आई म्हणाली, "आता सोड."

दादानं चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान हलवली. दादानं लगाम तिच्या हातात दिला. घोडी थोडी पुढं गेली आणि मान खाली घालून गवत खायला लागली. आईनं तिला अजिबात घाई केली नाही. तिनं एक हात घोडीच्या मानेवर ठेवला आणि लांबवर बघत तशीच बसून राहिली.