बाग ठेवली, माणसं कापली

आणि वर मलाच सांगता, "अक्का, तुम्ही सरांच्या साधेपणावर लिहा, चित्राचं आमच्यावर सोडा." सोडलं असतं. पण तुमच्या समितीनं सरांच्या या गौरवग्रंथाचं कव्हर दाखवायला आणलं आणि त्यावर त्यांच्या आवडत्या चित्रातली नुसती बाग! झाड आहे, कारंजं आहे, गालिच्याचं टोक आहे. गालिच्यावरचे ते दोघे मिशीवाले कुठे गेले? देशमाने सरांनी उभा जन्म त्या दोघांसाठी घातला, झाडासाठी नाही.

सरांची ओळख नव्वदच्या सुमाराची. मी बेळगावकडची, चौथी शिकलेली, कानडी मुलखातल्या के. आर. पुरमला त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. पहिल्या दिवशी सरांनी भाजीचं नाही, चादरीचं विचारलं. "पांढरी, बिनसुरकुतीची आहे का हो?" रविवारी ती हॉलच्या भिंतीवर लागायची, स्लाइडच्या मशीनमधून जुन्या तुर्की पोथ्यांतली चित्रं तिच्यावर पडायची आणि सर त्यांच्या शेजारच्या कविता मराठीत सांगायचे. घडी राहिली तर हळहळायचे, "नेमकी त्याच्या डोळ्यावर आली."

एकदा मी पोळ्या टाकून बघायला आले. चित्रात बागेतल्या गालिच्यावर दोघे मिशीवाले; एकजण दुसऱ्याला पेला देतोय, पण पेल्याकडे बघतच नाही.

"सांडेल की ते."

"सांडू दे," सर म्हणाले. "जीव जडलाय त्याचा. शेजारची कविता त्याचीच, ह्याच्यासाठी."

"पुरुषाची पुरुषासाठी?"

"हो."

"सरी, बरं," म्हटलं आणि तव्याकडे गेले.

माझी मुलगी तापानं फणफणली, तेव्हा सर काम टाकून दवाखान्यात बसले, नर्सला "स्वल्प बेग, अक्का", जरा लवकर, जरा लवकर, करत. पण मऊ समजू नका. एकदा मराठी मंडळाच्या हॉलात सर हीच चित्रं दाखवत होते, तर कुणी म्हणालं, "बायका बसल्यात, ते चित्र वगळा." सरांनी मशीनच बंद केलं. "दोघं नकोत, तर बाग कशाला?" स्वतः चादर काढली, आम्ही बसनं परतलो. घरी ते चित्र मला एकटीला दाखवलं. "बाई बसलीय हो!" म्हणाले, आणि आम्ही पोट धरून हसलो. तसे रविवार आता राहिले नाहीत.

आता सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. ग्रंथ थेट स्टेजवर हातात देणार म्हणे. सर कव्हर उलटसुलट करून त्या दोघांना शोधतील. तडक उठून जायला आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. सरांना शंभरी लाभो, नजर शाबूत राहो. पण त्या नजरेला बघायला ते दोघे हवेत. ते कव्हरवर परत येणार की नाही, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा. नसतील येणार, तर माझंही पान कापा. कात्री आहेच तुमच्याकडे.