सासऱ्यांनी भरून काढलेली टाच

मंडळी, आत्ताच डोंगरावरून घरी आलेय आणि भयंकर चिडलेय. सासऱ्यांवर ओरडता येत नाही, म्हणून इथे ओरडतेय.

मी स्नोबोर्डिंग करते, म्हणजे एका फळीवर आडवं उभं राहून बर्फाच्या उतारावरून खाली येते, पण जुने, कडक स्की बूट घालून. स्नोबोर्डच्या मऊ बुटांत माझा पाय हलतो. अडचण एकच, स्की बूट लांब असतो. टाच बोर्डाच्या बाहेर आली की बर्फात अडकते आणि माणूस आपटतो. म्हणून तीन वीकेंड गराजमध्ये बसून, मोजून मोजून मी दोन्ही बुटांच्या टाचा घासून कमी केल्या.

आज पार्सिपनीच्या घरून तासभर ड्राइव्ह करून पोचले, बूट चढवले, बोर्डवर पाय ठेवला, तर बूट बोर्डाला अडकवणारं बाइंडिंग लागेचना! वाकून बघते तर टाचेला टायरचा जाड तुकडा. वर चार स्क्रू. कडासुद्धा कानशीने गुळगुळीत केलेल्या!

सासरे नागपूरहून आलेत. आल्यापासून छत्री, टोस्टर, दिसेल ते दुरुस्त करतायत. डोंगरावरूनच त्यांना फोन लावला.

"बाबा, माझ्या बुटांना काही केलंत का?"

"हो! टाचा पार झिजल्या होत्या गं. आता दहा वर्षं बघायला नको."

"अहो, पण मला विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? तसले बूट घालून बर्फात गेली असतीस तर घसरली नसतीस का?"

आता तुम्हीच सांगा, मी तिथे घसरायलाच गेले होते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?